अपेंडिक्सची शंका आणि पोटाची सोनोग्राफी: कोल्हापुरात ही सेवा कशी घ्यावी, कितपत भरवशाची

पोट दुखायला लागलं की कोल्हापुरात पहिला संशय आदल्या रात्रीच्या जेवणावर. रस्सा तिखट झाला, मटण जड गेलं, पित्त चढलं. सोडा घे, ओवा खा, मेडिकलमधून एखादी गोळी आण, यात एक दिवस सरतो. दुसऱ्या दिवशी दुखणं उजवीकडे उतरलेलं असतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "एकदा सोनोग्राफी करून टाकू, म्हणजे अपेंडिक्स हाय का न्हाय ते कळंल." राजारामपुरी, शाहूपुरी भागात सेंटर शोधावं लागत नाही. प्रश्न वेगळाच आहे: या तपासणीकडून काय मागायचं आणि काय मागू नये?

आधी निकाल सांगतो. अपेंडिक्सची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणाऱ्या बारीक नळीला आलेल्या सुजेची, पहिली तपासणी म्हणून पोटाची सोनोग्राफी चांगली आहे. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना चालते, सीटी स्कॅनपेक्षा बरीच स्वस्त पडते. ती "आहे" म्हणाली तर बहुतेक वेळा खरं असतं. ती "दिसलं नाही" म्हणाली तर त्याचा अर्थ "नाही" असा घेऊ नये. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून हे परीक्षण लिहावंसं वाटलं.

सेंटरला जाण्याआधी दुखण्याचा क्रम नीट आठवून कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरांना त्या चार ओळींचा उपयोग मशीनइतकाच होतो. अपेंडिक्सचं दुखणं बऱ्याचदा उजवीकडे सुरूच होत नाही. आधी बेंबीभोवती किंवा जरा वर, बोट ठेवून दाखवता येणार नाही असं मोघम दुखतं. अपेंडिक्सचं तोंड मळाच्या घट्ट खड्याने किंवा सुजलेल्या गाठीने बंद झालं की आत स्राव साठतो आणि भिंत ताणली जाते. त्या ताणाचा निरोप नेणाऱ्या नसा मज्जारज्जूला जिथे पोचतात, तिथेच बेंबीच्या भागातल्या त्वचेच्या नसाही पोचतात, म्हणून दुखणं बेंबीशी वाटतं. पुढे सूज बाहेरच्या आवरणापर्यंत आली आणि पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की दुखणं जागा सोडून उजव्या बाजूला खाली येतं आणि तिथेच ठाण मांडतं. या सरकण्याला काही तास लागतात, बऱ्याचदा बारा ते चोवीस. उजव्या कमरेच्या हाडाचं पुढे हाताला लागणारं टोक आणि बेंबी यांच्यामध्ये मनाने रेघ ओढा; हाडाकडून एक तृतीयांश अंतरावरचा बिंदू सगळ्यात जास्त दुखतो. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये तो दाखवला आणि आजही त्याला मॅकबर्नी पॉइंटच म्हणतात.

दुखणं आधी आणि उलटी नंतर, हा क्रम महत्त्वाचा. आधी उलट्या-जुलाब आणि मग पोटात मुरडा आला तर बाहेरच्या खाण्याचा त्रास असण्याची शक्यता जास्त. अपेंडिक्समध्ये अन्नावरची वासना जाते. आवडीचं ताट समोर आलं तरी नको वाटतं. ताप सुरुवातीला बारीक असतो, 99 ते 100 फॅरनहाइटच्या आसपास. थंडी वाजून 102 च्या घरात गेला तर अपेंडिक्स फुटलं असावं किंवा गळू झालं असावं, ही शंका घ्यावी लागते. मूतखड्याचा माणूस तळमळतो, कूस बदलतो, येरझाऱ्या घालतो. अपेंडिक्सचा माणूस उजवा पाय पोटाशी घेऊन गप्प पडून राहतो, कारण हललं की दुखतं. खोकला आला की उजवीकडे कळ जाते. रिक्षा स्पीडब्रेकरवरून किंवा खड्ड्यातून गेली की पोट धरून "हळू घ्या" म्हणतो. हे लक्षण डॉक्टर आवर्जून विचारतात आणि आपल्या रस्त्यांवर ते कळायला वेळ लागत नाही. लहान पोराला जागेवर एक उडी मारायला सांगा. मारून हसलं तर बरं, उडीच मारायला तयार नसेल तर सर्जनला दाखवा.

सगळ्यांचं दुखणं असं पुस्तकातल्यासारखं नसतं. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असेल, आणि ती जागा अगदी सर्रास आढळते, तर पुढून पोट फारसं दुखत नाही. कंबर किंवा कुशी दुखते आणि लोक मूतखडा समजून पाणी पीत बसतात. ते खाली ओटीपोटात लोंबत असेल तर लघवीला सारखी जावंसं वाटतं किंवा थोडी थोडी पातळ शी होते. त्या वेळी लघवीच्या तपासणीत थोड्या पस सेल्सही दिसू शकतात, कारण सुजलेलं अपेंडिक्स मूत्रवाहिनीला किंवा मूत्राशयाला टेकलेलं असतं. "युरिन इन्फेक्शन आहे" म्हणून घेतलेली गोळी मग दोन दिवस खाते. पाच वर्षांखालच्या मुलांना नीट सांगता येत नाही आणि त्यांच्यात फुटल्यावरच निदान होण्याचं प्रमाण मोठं आहे. वयस्कर आणि मधुमेही माणसांत ताप आणि दुखणं दोन्ही बेताचं असू शकतं. गरोदरपणात वाढलेलं गर्भाशय अपेंडिक्सला वर ढकलतं, त्यामुळे दुखणं नेहमीच्या जागेपेक्षा वर येऊ शकतं.

मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी एकदा घेतली म्हणून निदान बिघडत नाही. दवाखान्यात तपासल्यावर डॉक्टरांनी दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं तरी निदान चुकत नाही, हे आता नीट माहीत आहे. बिघडतं ते गोळीवर गोळी घेऊन दिवस ढकलल्याने. एरंडेल, जुलाबाचं चूर्ण, एनिमा आणि "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळून घेणं मात्र पूर्ण बंद. सुजलेल्या, ताणलेल्या अपेंडिक्सवर आतड्याचा जोर किंवा बाहेरून दाब आणणं धोक्याचं आहे. आणि एक खूण घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी: तीव्र दुखणं अचानक कमी झालं, माणूस म्हणाला "आता बरं वाटतंय", आणि काही तासांनी सगळं पोट फुगून कडक झालं, ताप चढला, तर अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं. पोट लाकडासारखं कडक, नाडी जोरात, चेहरा उतरलेला, अशा माणसाला सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर बसवू नका. त्याला थेट सर्जन असलेल्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्यायचं. तपासणी काय करायची ते तिथले लोक ठरवतील.

बाकीच्यांनीही आधी सर्जनचा हात पोटावर पडू द्यावा, मग सेंटर गाठावं, असं आमचं ठाम मत आहे. त्याला कारण आहे. अपेंडिक्सची शक्यता मोजायला डॉक्टर वापरतात तो अल्व्हाराडो स्कोअर 1986 मध्ये मांडला गेला. दुखणं सरकलं याला 1, भूक गेली 1, मळमळ-उलटी 1, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखतं 2, दाबून हात झटकन उचलल्यावर जास्त दुखतं 1, ताप 37.3 सेल्सिअस किंवा वर 1, रक्तात पांढऱ्या पेशी 10,000 च्या वर 2, त्यात न्यूट्रोफिल वाढलेले 1, एकूण 10. चार किंवा कमी आले तर शक्यता थोडी, पाच-सहाला नजर ठेवायची आणि तपासण्या करायच्या, सात आणि पुढे शक्यता मोठी. या दहा गुणांत सोनोग्राफीला एकही गुण नाही. हात, थर्मामीटर आणि साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) एवढ्यावर माणूस कुठल्या गटात बसतो ते कळतं, आणि तो गट माहीत असला तरच सोनोग्राफीच्या रिपोर्टला अर्थ येतो. घरी हा स्कोअर मांडून निर्णय घेऊ नका. दाबून हात उचलायची तपासणी सरावाच्या हातानेच करायची असते.

आता प्रत्यक्ष सेवा. फोन केला की बरीच सेंटर सांगतात, "उपाशीपोटी या, एक लिटर पाणी पिऊन लघवी धरून ठेवा." पित्ताशय आणि ओटीपोट बघायला हे बरोबर आहे. ज्याचं आज रात्रीच ऑपरेशन होऊ शकतं त्याने मात्र सर्जनला विचारल्याशिवाय पाण्याचा घोटही घेऊ नये. भूल देण्याआधी साधारणपणे अन्न सहा तास आणि साधं पाणी दोन तास बंद ठेवतात, आणि अपेंडिक्सच्या सुजेने आतडी मंदावली असतील तर पोट त्याहून उशिरा रिकामं होतं. अपेंडिक्स बघायला मूत्राशय तुडुंब भरलेलं लागत नाही. बाईमाणसाची अंडाशयाची गाठ किंवा पीळ बघायचा असेल तर थोडं भरलेलं उपयोगी पडतं, ते सर्जन आणि रेडिओलॉजिस्टने आपसांत ठरवावं. म्हणून नंबर लावतानाच काउंटरला सांगा: "नेहमीची पोटाची सोनोग्राफी नको, अपेंडिक्सची शंका आहे." चिठ्ठीवरही तसं लिहून घ्या. नुसतं "यूएसजी अ‍ॅब्डोमेन" लिहिलेल्या चिठ्ठीवर यकृत, किडनी, पित्ताशय बघून पाच मिनिटांत मोकळं केलं जाण्याची शक्यता राहते.

चांगली तपासणी कशी असते ते बारकाईने सांगतो. जेल लावल्यावर आधी वाकड्या तोंडाच्या मोठ्या प्रोबने (पोटावर फिरवायचं मशीनचं हातातलं टोक) सगळं पोट बघतात: मूतखड्याने किडनी फुगली आहे का, पित्ताशय, गर्भाशय, अंडाशय, पोटात पाणी. मग प्रोब बदलला पाहिजे. सपाट, सरळ तोंडाचा लिनिअर प्रोब येतो, ज्याची फ्रीक्वेन्सी जास्त आणि चित्र बारीक. इथे जाणकार डॉक्टर म्हणतात, "एका बोटाने दाखवा, नेमकं कुठे दुखतंय." बोट ठेवलं तिथेच प्रोब टेकवून हळूहळू दाबत जातात. एकदम नाही, श्वासागणिक थोडं. उद्देश हा की मधल्या आतड्यातली हवा बाजूला सरकावी आणि खाली सोआस नावाचा कमरेचा स्नायू आणि पायाकडे जाणारी रक्तवाहिनी स्पष्ट दिसावी. त्या दोन खुणांपर्यंत चित्र पोचलं नाही तर अपेंडिक्सच्या जागेपर्यंत पोचलंच नाही असं समजा. ही हळू दाबायची पद्धत नेदरलँड्सचे पुयलार्ट यांनी 1986 मध्येच प्रसिद्ध केली. सापडलं नाही तर डाव्या कुशीवर वळवून बघतात किंवा दुसऱ्या हाताने मागून कमरेला आधार देऊन पुढे ढकलतात. मागे दडलेलं अपेंडिक्स अशानेच समोर येतं. दुखतं, पण सहन होईल इतकंच दाबलं जातं, आणि जास्त दुखलं की तसं बोलून दाखवा, कारण "प्रोबखाली दुखतं" हे रिपोर्टमधलं महत्त्वाचं वाक्य असतं. दोन मिनिटांत मोठ्या प्रोबने उजवीकडे एक फेरी मारून "नॉर्मल" म्हटलं तर ती अपेंडिक्सची तपासणी झाली नाही.

रिपोर्ट हातात आला की शेवटची ओळ वाचून खिशात घालू नका. अपेंडिक्सवरचं वाक्य शोधा. जाडी 6 मिलिमीटरच्या वर, दाबून न चपटं होणारं, एका टोकाला बंद असलेलं, हालचाल न करणारं नळकांडं, भोवतीची चरबी पांढरी झालेली, आजूबाजूला थोडं पाणी, आत अपेंडिकोलिथ म्हणजे खडा: यातलं बरंचसं एकत्र असेल तर निदान पक्कं धरतात. "6 मिलिमीटरखाली, दाबल्यावर चपटं होतं, टोकापर्यंत दिसलं" असं लिहिलं असेल तर तेवढ्यापुरतं समाधान माना. टोक दिसणं गरजेचं, कारण कधी कधी सूज फक्त टोकाला असते. आणि "अपेंडिक्स नॉट व्हिज्युअलाइज्ड, क्लिनिकली कोरिलेट" लिहिलं असेल तर अपेंडिक्स दिसलेलंच नाही, लक्षणांशी ताडून बघा, एवढाच त्याचा अर्थ. ते नॉर्मल आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पोट जाड, आतड्यात वायू, अपेंडिक्स मागे दडलेलं, किंवा दुखण्यामुळे दाबूच दिलं नाही, यातलं काहीही कारण असू शकतं. फुटलेलं अपेंडिक्सही बऱ्याचदा नळकांड्यासारखं दिसत नाही, कारण आतला ताण गेलेला असतो. मग तिथे फक्त पाणी किंवा गोळा दिसतो.

उलटी चूकही होते आणि ती तितकीच त्रासाची. हेल्थ चेकअपच्या सोनोग्राफीत 6-7 मिलिमीटरचं अपेंडिक्स दिसलं, दुखत काहीच नाही, दाबल्यावर चपटं होतं, रक्त नॉर्मल, तरी "अपेंडिक्सला सूज" म्हणून ऑपरेशनची तारीख ठरते. एकट्या जाडीच्या जोरावर पोट उघडायचं कारण नाही. असा रिपोर्ट आला तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला लाजू नका.

सोबत काय करावं? सीबीसी आणि सीआरपी, म्हणजे अंगात सूज असली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची चाचणी. सीआरपी पहिल्या काही तासांत वाढलेलं नसतं, म्हणून सकाळी दुखायला लागलं आणि दुपारी सीआरपी नॉर्मल आलं यावर निर्धास्त होऊ नका. चोवीस तास उलटल्यावर दोन्ही नॉर्मल असतील तर शक्यता बरीच कमी होते. लघवीची तपासणी, आणि मूल होण्याच्या वयाच्या प्रत्येक बाईची गर्भचाचणी, पाळी कधी आली हे विचारून. गर्भनलिकेतला गर्भ हाही उजवीकडच्या दुखण्याचा जिवावरचा प्रकार आहे. तरण्या मुलाच्या उजव्या ओटीपोटात दुखत असेल तर अंडकोषही तपासावा लागतो. तिथला पीळ पोटदुखी म्हणून येतो आणि त्याला तासांचीच मुदत असते.

सोनोग्राफीने ठरलं नाही तर दोन रस्ते. पेशंट स्थिर असेल तर दवाखान्यात ठेवून सहा-बारा तासांनी पुन्हा हात लावून बघायचं, रक्त आणि सोनोग्राफी पुन्हा करायची. किंवा सीटी स्कॅन, जो मोठ्या माणसांत सगळ्यात खात्रीचा आणि काही मिनिटांत होतो. त्यासाठी बहुधा शिरेतून औषध सोडतात, म्हणून किडनीचा आजार, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, पूर्वीची अ‍ॅलर्जी आधीच सांगा. लहान मुलांत आणि गरोदरपणात सीटी शक्यतो टाळतात. गरोदर बाईला गरज पडली तर एमआरआय. वयस्कर माणसाच्या बाबतीत मात्र सीटीला कां कूं करू नये, कारण त्या वयात अपेंडिक्सच्या मागे आतड्याची गाठही दडलेली असू शकते.

रिपोर्टमधल्या खड्याकडे विशेष लक्ष द्या. न फुटलेल्या अपेंडिक्सवर नुसत्या अँटिबायोटिकने उपचार करायचा पर्याय आता काही पेशंटसमोर ठेवला जातो. अमेरिकेतल्या 2020 च्या मोठ्या अभ्यासात अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी साधारण दहातल्या तिघांना 90 दिवसांत ऑपरेशन लागलं. खडा असलेल्यांत हे प्रमाण 41 टक्के होतं. फिनलंडच्या अभ्यासात पाच वर्षांत 39 टक्के लोकांना शेवटी ऑपरेशन करावं लागलं. सर्जनशी बोलताना "खडा आहे का?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

कोल्हापूरची खरी अडचण वेळेची. दिवसा शहरात तपासणी तासाभरात होते. रात्री आणि रविवारी बाहेरची बहुतेक सेंटर बंद. दवाखान्याच्या आतली मशीन आणि बोलावल्यावर येणारा रेडिओलॉजिस्ट एवढीच सोय उरते. तेव्हा बंद शटर शोधत फिरण्यापेक्षा सरळ सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर एका छताखाली असलेला दवाखाना गाठा. सरकारी सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं असल्याने तिथे रात्रीही सर्जरी विभागाचे डॉक्टर ड्यूटीवर असतात. गडहिंग्लज, आजरा भागाला गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय जवळ, इचलकरंजी-हातकणंगलेला इचलकरंजीचं आयजीएम रुग्णालय. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे. पावसाळ्यात गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडीकडच्या लोकांनी पाण्याचा अंदाज घेऊन एक दिवस आधीच निघावं. पंचगंगा पात्राबाहेर आली की तिकडचे रस्ते बंद पडतात आणि "सकाळपर्यंत बघू" म्हणणं महागात जातं. ऊस तोडणीच्या हंगामात फडावरच्या पोराचं पोट दुखत असेल तर मुकादमाने त्या दिवसाची तोड बाजूला ठेवून गाडी द्यावी. लहान मुलांत अपेंडिक्स फुटायला वेळ लागत नाही.

गरोदर बाईसोबत जाताना ओळखपत्र घ्या. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्याने गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा फॉर्म एफ भरावा लागतो, मग कारण अपेंडिक्सचं का असेना. मशीनला सायलेंट ऑब्झर्व्हर (प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवणारं उपकरण) बसवायचा प्रयोग याच जिल्ह्यात झाला होता, त्यामुळे इथली सेंटर कागदाला काटेकोर आहेत आणि तशी असावीत. रात्री कागद नाही म्हणून अर्धा तास जाऊ नये, एवढंच.

पैसे भरण्याआधी काउंटरला विचारा: रेडिओलॉजिस्ट स्वतः करणार का, लेखी रिपोर्ट लगेच मिळेल का, काही सापडलं तर ते सर्जनला फोन करतील का. फोन करणारं सेंटर आमच्या लेखी सगळ्यात वरचं. रिपोर्टसोबत चित्रांची प्रिंट मागून घ्या आणि त्यावर तपासणीची वेळ आहे का बघा. पुन्हा सोनोग्राफी झाली तर पहिल्या चित्राशी ताडून बघता येतं. रिपोर्ट "दिसलं नाही" असा आला आणि सर्जनने घरी पाठवलं, तर परत कधी दाखवायचं ती वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. त्या वेळेआधी दुखणं वाढलं, उलट्या थांबेनात किंवा ताप चढला तर खाणं-पिणं बंद ठेवून लगेच निघायचं.